सतरा नंबरचा रिकामा रकाना

माझी आत्या कुणाच्याही घरी गेली की दारात क्षणभर थांबते. चपला काढायला थांबली असं लोकांना वाटतं. खरं तर ती आधी नाक आत पाठवते. नाक घरभर फिरून येतं, अहवाल देतं आणि मग आत जायचं की नाही ते आत्या ठरवते. आमच्या नव्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "न्हाणीघराच्या जाळीत केस अडकलेत. चार दिवसांचे. शी!" बायको आत जाऊन बघून आली. पुढचा महिनाभर ती माझ्याशी कमी आणि जाळीशी जास्त बोलत होती.

लग्नाच्या वयात आत्याने तीन स्थळं नाकारली. एकाच्या केसांना खवट तेलाचा वास होता, दुसऱ्याच्या कोटाला कपाटाचा, आणि तिसरा म्हणे आतूनच ओलसर होता. चौथे आमचे आतोबा. आतोबांना वास येत नाही, दोन्ही अर्थांनी. अंगाला कसला वास नाही आणि नाकाला जन्मापासून काही कळत नाही. दूध नासलंय हे त्यांना गाठी दिसल्यावर समजतं. आत्याने तेव्हाच्या तेव्हा होकार दिला. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून त्यांनी उभा जन्म काढला, त्यामुळे त्यांच्या नाकाचं सगळं काम डोळ्यांकडे गेलं. कुठल्याही छापील कागदावरची चूक त्यांना अशी दिसते जशी आत्याला मोरी.

या दोघांची एकुलती एक मुलगी, माझी आतेबहीण, हा एक वेगळाच प्रकार झाला आहे. नाक आईचं आणि जीभ बापाची. तिला सगळे वास येतात आणि ती एक अक्षर बोलत नाही. पाहुण्यांकडे जेवताना नुसती हिरवी पडते.

आत्या नोकरीला आहे ती फुलझाडांच्या संशोधन केंद्रात. शास्त्रज्ञ नव्हे. काचघरातली मदतनीस. कळ्या उघडून चिमट्याने परागकोश काढायचे, कुंचल्याने दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, वर कागदी टोपी चढवायची, देठाला दोरा बांधायचा आणि बी धरेपर्यंत वाट बघत बसायचं. ही कामं तिथे आणखी चौघी करतात. आत्याचं खास काम वेगळं. ती फुलं हुंगते आणि वहीत नोंद करते. केंद्रात तिला सगळे शीताई म्हणतात. नवा माणूस आधी हे तिचं खरं नाव समजतो. मग ती एखाद्या कुंडीपाशी वाकते आणि त्याला उलगडा होतो.

वास मोजायला तिथे एक ते नऊ आकडे होते. आत्याने ते पहिल्याच आठवड्यात फेटाळले. "पाच म्हणजे काय? पाच वाजले का?" असं म्हणून तिने स्वतःचं माप सुरू केलं. ओल्या मोज्याइतकं असेल तर 'ई'. फरशी पुसायचं फडकं बादलीत तीन दिवस भिजत पडल्यासारखं असेल तर 'शी'. घरात कुठेतरी उंदीर मेलाय पण सापडत नाही, तसं असेल तर 'छी'. आणि उंदीर सापडला की 'थू'. चांगल्या वासाला तिच्याकडे शब्दच नव्हता. काही खोट काढता आली नाही तर ती 'ई?' असं लिहायची, म्हणजे अजून शोध चालू आहे.

त्या वेळी केंद्राच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. केस कापसासारखे पांढरे, हातावर कायम मातीची नक्षी. त्यांना हे माप इतकं पटलं की त्यांनी आकड्यांचा तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला. "आकडा खोटं बोलतो," त्या म्हणायच्या, "शीताईचा चेहरा खोटं बोलत नाही."

मोठ्या बाईंना एक फुलझाड हवं होतं. बंद खोलीत, खिडकीशी, कमी उजेडात वाढेल आणि मंद वास देईल असं. त्यांच्याकडे दोन झाडं होती. एक पांढरी. तिचा सुगंध असा की आत्यासुद्धा नुसतं 'ई?' लिहायची, पण तब्येत अशी की दार जोरात लावलं तरी मान टाकायची. दुसरी पिवळी. दगडावर ठेवली तरी जगेल, पण वासाच्या नावाने शून्य. मोठ्या बाईंनी या दोघांचा संकर करायचं ठरवलं. आत्याने दोनशे चाळीस फुलं हाताने फळवली. रोपं उगवली सात.

ती सात फुलली त्या दिवशी दुपारी चार वाजता आत्या काचघरात गेली आणि दाराला धरून उभी राहिली. नंतर तिने मला जे वर्णन ऐकवलं ते मी जेवताना ऐकलं, ही माझी चूक. "कोंबडीचं खुराडं घे," ती म्हणाली, "त्याच्यात गटाराचं झाकण उघड, आणि वर कुणीतरी अत्तर शिंपडलंय असं समज. अत्तराने जास्त कसंतरी होतं रे. नुसती घाण परवडली."

सातही रकान्यांत तिने 'थू' लिहिलं आणि वही मोठ्या बाईंसमोर आपटली.

"बाई, आई सुवासिक, बाप बिनवासाचा. मग ही घाण आणली कुणी?"

"तुम्हाला काय वाटतं, शीताई?"

"दोघांपैकी कुणीतरी लपवत होतं."

"अगदी बरोबर!" बाई खूश झाल्या. त्यांना असल्याच गोष्टींनी आनंद व्हायचा. "पांढरीच्या सुगंधातच एक पदार्थ आहे. चिमूटभर असला की सुगंध दाट लागतो. मूठभर झाला की मोरी. तो बनवणारी जनुकं पांढरीकडे आहेत, आणि 'पुरे आता' म्हणून त्यांचा हात धरणारी जनुकंही आहेत. आता तिच्या घरात अचानक परक्या घराचा अख्खा संसार येऊन पडला. कुणी कुणाचा हात धरायचा, कुणाचं ऐकायचं, सगळा गोंधळ. काही जनुकं घाबरून गप्प बसली आणि काही मोकाट सुटली. जनुकं तीच आहेत हो. बोलायचं कुणी, तेवढं बदललंय."

"आणि पानं का घाण मारत नाहीत? मी चुरून पाहिली. पानाला काही नाही."

"पानात पिवळीचं चालतं आणि पाकळीत पांढरीचं."

"म्हणजे दिवाणखान्यात सासरचं आणि स्वयंपाकघरात माहेरचं," आत्या म्हणाली. हे तिला लगेच समजलं. तिच्या घरात तिच्या मुलीचं नाक आणि जीभ याच पद्धतीने वाटले गेले होते.

पण या सात रोपांना बी धरेना. खेचरासारखी गत. पांढरीची गुणसूत्रं जोडीदार शोधत होती आणि समोर उभी होती पिवळीची, अनोळखी. जोड्या लागत नव्हत्या, पराग पोकळ निघत होता. त्यावर एकच उपाय होता. रोपाच्या शेंड्यावर कापसाचा बोळा ठेवायचा आणि त्यावर कोल्चिसिन नावाच्या विषाचे थेंब सोडायचे. पेशी दोन व्हायला निघते, आतली गुणसूत्रं दुप्पट होतात, आणि विष तिला मधेच अडवतं. पेशी एकच राहते, गुणसूत्रं दुप्पट. मग प्रत्येकाला आपलाच जुळा जोडीदार मिळतो.

"दुप्पट?" आत्याचा चेहरा उतरला. "म्हणजे ही घाणपण दुप्पट?"

"तेच तर बघायचंय. दुप्पट झाली म्हणून जनुकं दुप्पट ओरडतात असं नसतं. कित्येकदा घर पुन्हा शांत होतं. कित्येकदा नाही. आणि सख्ख्या भावंडांतसुद्धा एकसारखं होत नाही."

आत्याने हातमोजे चढवले, नाकाला चिमटा लावला आणि रोज सकाळी थेंब सोडले. निम्मे शेंडे जळाले. उरलेल्यांतून दुप्पट झालेली चौसष्ट झाडं उभी राहिली. पानं जाड, गडद, चामड्यासारखी. दुप्पट झाल्याची खूण म्हणून दोऱ्याला दोन गाठी, आणि नंबर. पुढे दर हंगामात दुपारी चार वाजता, कारण ही फुलं चारलाच वास सोडतात, आत्या चौसष्ट वेळा वाकली आणि चौसष्ट नोंदी केल्या. घरी येऊन आंघोळ केल्याशिवाय ती कुणाशी बोलायची नाही. आतोबा तेवढे तिच्याजवळ जाऊन बसायचे. त्यांना काय!

एकेचाळीस नंबर पहिल्या हंगामात 'छी' होता. दुसऱ्यात 'ई'. तिसऱ्यात 'ई?'. घर शांत होत चाललं होतं. झाड दिसायला काही फार नव्हतं, फूल वाटीएवढं, रंग सायीचा. पण आत्या त्याच्यापाशी वाकायची आणि लगेच उठायची नाही. सतरा नंबर त्याच रोपाच्या दुसऱ्या शेंड्यातून निघालेला, एकेचाळीसचा सख्खा भाऊ. दिसायला राजबिंडा. फूल तळहाताएवढं, पाकळी मेणासारखी, पानांवर चकाकी. त्याच्यापुढे आत्याने तिन्ही हंगामांत काहीच लिहिलं नव्हतं.

मोठ्या बाई निवृत्त होऊन दूर आपल्या लेकाकडे राहायला गेल्या, आणि त्यांच्या खुर्चीवर आले तक्तेसाहेब. हे नाव अर्थातच काचघरातल्या बायकांनी ठेवलेलं. माणूस वाईट नाही. नखं स्वच्छ, शर्टाची शेवटची गुंडीसुद्धा लावलेली. पण त्यांना झाडापेक्षा झाडाचा तक्ता आवडायचा, आणि तक्त्यातही सगळे चौकोन भरलेले असले म्हणजे जास्त. आत्याच्या वह्यांतला 'ई' आणि 'थू' त्यांनी स्वतः बसून आकड्यांत उतरवला. ई म्हणजे दोन, शी म्हणजे चार, छी म्हणजे सहा, थू म्हणजे आठ. 'ई?' ला त्यांनी दीड दिला. संशयाचा अर्धा गुण कापला.

एका बुधवारी फलकावर कागद लागला. शुक्रवारी निवड समिती येणार, चौसष्टांतलं एक झाड कायम होणार आणि त्याची बारा हजार रोपं होऊन दवाखाने, वाचनालयं आणि शाळांच्या खोल्यांत जाणार. काचघर रिकामं करायचं असल्यामुळे बाकीची त्रेसष्ट शनिवारी सकाळी वाफेच्या भट्टीत. खाली लिहिलं होतं, प्रस्तावित निवड क्रमांक सतरा.

आत्या तडक साहेबांच्या खोलीत गेली. तिथला संवाद तिने मला इतक्या वेळा ऐकवला आहे की मी तो झोपेत म्हणू शकतो.

"साहेब, सतरा?"

"सतरा! तिन्ही वर्षं शून्य गुण, शीताई. तुमच्याच नोंदी. दुसरं कुठलंही झाड जवळपाससुद्धा नाही."

"अहो, शून्य कुठे? मी रकाना रिकामा ठेवलाय."

"तेच ते. दुर्गंधाची नोंद नाही म्हणजे दुर्गंध नाही."

"रिकामा म्हणजे मी पळाले!"

साहेबांनी वही पुढे ओढली, पान उलटलं, बोट ठेवलं. "'पळाले' असं कुठे लिहिलंय?"

"पळणारा माणूस लिहील कशाला? पेन तिथेच टाकून पळाले! थू लिहायला निदान उभं तरी राहावं लागतं."

"मी काल स्वतः वास घेतला. अकरा वाजता. काही नाही."

"चारला घ्या."

"वासाची चाचणी सकाळी दहा ते बारा. नियमपुस्तिकेत आहे. चारचा वास नियमात बसत नाही."

"झाडाला वाचून दाखवलं का ते?"

साहेब हसले. वर म्हणाले, "हे बघा, तुमचं नाक मोठं आहे, मान्य. पण ते मत झालं. तक्ता हा पुरावा असतो. आणि एकेचाळीसची एवढी हळहळ वाटत असेल तर पुन्हा बनवू की. आईबाप आहेतच, औषध आहेच."

त्यावर मात्र आत्या वही उचलून बाहेर पडली. कारण मोठ्या बाईंनी तिला हे शंभरदा सांगितलं होतं. तेच आईबाप, तेच थेंब, तोच हात, तरी पुन्हा एकेचाळीस होणार नाही. कुठली जनुकं गप्प बसतील आणि कुठली बोलतील, हे त्या गोंधळात दर वेळी नव्याने ठरतं. नऊ वर्षं, दोनशे चाळीस फुलं आणि पोटातून वर आलेली अगणित जेवणं यांच्या बदल्यात ते एक झाड मिळालं होतं, आणि शनिवारी त्याची वाफ होणार होती.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. आत्या जेवली नव्हती. आतोबा तिच्या शेजारी बसून चष्मा पुसत होते, आतेबहीण कोपऱ्यात होती.

"एक फांदी पिशवीत टाकून आण," आतोबा म्हणाले. "कुंडीत लावू. कुणाला कळतंय?"

"शी!" आत्या म्हणाली. ही शी वहीतली नव्हती, वरच्या दर्जाची होती. "चोरी? त्या घाणीत मी नऊ वर्षं नाक खुपसलं ते चोरी करायला? आणि सतरा दवाखान्यात जाणार त्याचं काय? ऑपरेशन झालेल्या माणसाच्या उशाशी? चार वाजता?"

आम्ही तिघांनीही ते चित्र डोळ्यांसमोर आणलं. आतेबहीण कोपऱ्यात हिरवी पडली.

"ती नियमपुस्तिका आहे का तुझ्याकडे?" आतोबांनी विचारलं.

होती. सगळ्यांना वाटलेली, कुणी न उघडलेली. आतोबांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. सव्वा तासात त्यांना एकतीस चुका सापडल्या. 'परागीभवन' तीन प्रकारे छापलं होतं. बत्तिसावी गोष्ट चूक नव्हती. आतोबांनी तिच्याखाली रेघ मारली आणि वाचून दाखवली. "नोंद करणाऱ्याची हरकत असल्यास सही होण्यापूर्वी मूळ नोंद समितीसमोर पूर्ण वाचून दाखवावी."

"पूर्ण," आतोबा पुन्हा म्हणाले. "बैठक किती वाजता?"

"अडीच."

"आणि नोंदी चौसष्ट. तू सावकाश वाचतेस का गं?"

लग्नानंतर एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना छान वास येतोय.

शुक्रवारी सतरा नंबरची कुंडी उचलायला माणूस नव्हता म्हणून आत्याने मला बोलावलं. भाचा असल्याचे असे फायदे असतात. कुंडी पोटाशी धरून मी बैठकीच्या खोलीत नेली आणि लांब टेबलाच्या मधोमध ठेवली. फूल खरंच देखणं होतं. मला तेव्हा त्याचा राग आला नाही, हे मी आज कबूल करतो. नंतर मला कुणी जायला सांगितलं नाही म्हणून भिंतीशी एका खुर्चीवर बसलो. खोली थंड करायचं यंत्र चालू होतं. खिडक्या रंगाने घट्ट बसलेल्या. दार आपोआप लागणारं.

समिती तिघांची. मध्ये जाड चष्म्याच्या अध्यक्षबाई, एका बाजूला टायवाले गृहस्थ, दुसऱ्या बाजूला कुणाच्याही बोलण्यावर मान हलवणारे एक. तक्तेसाहेबांनी वीस मिनिटांत रंगीत तक्ते दाखवले. टायवाले फुलाजवळ वाकले, हुंगले, म्हणाले, "काहीच वास नाही. फारच छान." मान हलवणाऱ्यांनी मान हलवली. अध्यक्षबाईंनी पेनचं टोपण काढलं.

"माझी हरकत आहे," आत्या म्हणाली आणि तिने पुस्तिका रेघ मारलेल्या पानाशी उघडून समोर ठेवली.

अध्यक्षबाईंनी नियम वाचला, साहेबांकडे पाहिलं. नियम वाचून दाखवल्यावर साहेब काय करणार? ते नियमाचेच होते. "वाचू द्या," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

आत्याने चष्मा लावला, वही उघडली, घसा साफ केला. दोन वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती.

"झाड क्रमांक एक. पहिला हंगाम. छी."

"पुढे?" टायवाले म्हणाले.

"छी म्हणजे काय ते सांगायला नको? पूर्ण नोंद म्हणायची ना?" आणि आत्याने सांगितलं. प्रत्येक झाडाचं वेगळं सांगितलं, कारण तिच्या मापात दोन छी एकसारख्या नसतात. एक नंबरला माशांच्या टाकीचं पाणी बदललं नाही तर काचेवर चढतो त्या शेवाळाचा वास होता. पाच नंबरला आजारी माणसाच्या उशीचा. नऊ नंबरला पावसात भिजून कपाटात ठेवलेल्या बुटाचा, "आणि बुटात पाय अजून आहे असं वाटायचं." बारा नंबरच्या वेळी चहा आणि उकडलेली अंडी आली. आत्याने अंड्यांकडे बघून म्हटलं, "हां, बरं झालं. बारा नंबर थेट हेच, फक्त महिनाभराने." टायवाल्यांनी हातातलं अंडं बशीत परत ठेवलं आणि बशी लांब सरकवली. मान हलवणारे प्रथमच स्थिर झाले.

सतरा नंबर तिने वगळला. "तो शेवटी," म्हणाली.

तक्तेसाहेब दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाले, "शीताई, थोडक्यात." अध्यक्षबाईंनी हात वर केला. "वाचू द्या हो. मला आमच्या जुन्या वसतिगृहाची मोरी आठवायला लागली. तीस वर्षांत आठवली नव्हती." हे कौतुक होतं की तक्रार ते कळलं नाही. माझ्या स्वतःच्या तोंडात आंबट पाणी सुटलं होतं. बत्तीस नंबरपाशी आत्याने दाताखाली अडकून राहिलेल्या मांसाच्या धाग्याचं वर्णन केलं, आणि मी ते इथे करणार नाही. मला अजून तो दात जाणवतो.

एकेचाळीस आला. आत्याचा आवाज जरासा खाली आला. "छी. मग ई. मग ई, प्रश्नचिन्ह." तिने पुढे काही सांगितलं नाही. सगळ्या वाचनात तेवढीच एक नोंद लहान होती.

चौसष्ट संपला तेव्हा चारला चार मिनिटं कमी होती. तिने चष्मा काढला.

"आता सतरा. इथे मी काही लिहिलेलं नाही, साहेबांनी त्याचा शून्य केलाय. मी काय सांगू? तो स्वतःच सांगेल. चार मिनिटं बसा."

"हे नियमात..." साहेब म्हणाले.

"बसा हो," अध्यक्षबाई म्हणाल्या.

सगळे बसले. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. फूल टेबलाच्या मधोमध, मेणाच्या पाकळ्या उघडून, एखाद्या बड्या पाहुण्यासारखं शांत होतं.

आधी गोडवा आला. जड, चिकट, बंद गाडीत फुटलेल्या अत्तराच्या बाटलीसारखा. टायवाले "वा" म्हणाले. ते 'वा' पूर्ण झालं नाही. गोडव्याच्या मागून दुसरं काहीतरी आलं, ओलं आणि कोमट, आणि ते नाकात शिरलं नाही तर जिभेवर बसलं. वास चावता येईल असा होता. यंत्राने तो गोळा केला, थंड केला आणि नेमका प्रत्येकाच्या मानेवर सोडला. मान हलवणारे उठले आणि दार आत ओढायचं की बाहेर ढकलायचं हे विसरून त्याला थडकले. टायवाल्यांनी टाय नाकाला लावला, मग टायलाच हुंदका आल्यासारखा आवाज आला. अध्यक्षबाईंनी दार उघडलं, आणि आम्ही सगळे एकाच वेळी त्यातून बाहेर पडलो. एरवी त्यातून एकच माणूस जातो.

तक्तेसाहेब मात्र आतच राहिले. हातात पेन, समोर वही, डोळ्यांतून पाणी. ते माणूस म्हणून सच्चे होते, नोंद करायलाच थांबले होते. मी काचेतून बघत होतो. त्यांनी पेन कागदावर टेकवलं, गाल फुगवले, कचऱ्याच्या टोपलीकडे एकदा पाहिलं, पेन टाकलं आणि धावत सुटले. टोपली त्यांनी सोबत घेतली.

पाच मिनिटांनी ओसरीच्या टोकाला, मोकळ्या हवेत, अध्यक्षबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "मग? काय नोंद केलीत?"

साहेबांनी मान हलवली. "काही नाही. मी... बाहेर आलो."

"रकाना रिकामा?"

"हो."

"म्हणजे शून्य," अध्यक्षबाई म्हणाल्या. "फारच छान गुण आहेत."

आत्या हसली नाही. ती नाकाला रुमाल लावून भिंतीकडे तोंड करून उभी होती. जिंकताना तिला उलटी येत होती.

एकेचाळीस नंबरची कुंडी तिथे ओसरीवरच आणली गेली. चार वाजून गेले होते, ते झाडही बोलायला लागलं होतं. अध्यक्षबाई वाकल्या आणि थोडा वेळ तशाच राहिल्या. मग त्यांनी साहेबांच्या पाठीवर कागद टेकवून सही केली, कारण टेबल असलेल्या खोलीत परत जायला कुणी तयार नव्हतं.

शनिवारी सकाळी उरलेली त्रेसष्ट भट्टीत गेली. वाफेने झाड मरतं, पण वास मरायच्या आधी प्रवासाला निघतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आसपासच्या तीन गल्ल्यांत लोकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि नगरपालिकेने दोन दिवस गटारं उघडून पाहिली. माझ्या गाडीत शुक्रवारी आत्या जिथे बसली ती जागा आजही दुपारी उन्हात गरम झाली की बोलते. मी दोनदा धुवून घेतली आहे. शी.

सोमवारी साहेब स्वतः काचघरात आले. नोंदणीच्या अर्जात एकेचाळीसचा वास एका शब्दात लिहायचा होता. त्यांनी आकडा सुचवला नाही. "शीताई, 'ई, प्रश्नचिन्ह' असं अर्जात जात नाही हो. तुम्ही सांगा. मी तसंच लिहितो." आणि त्यांनी वही तिच्या हातात दिली.

आत्या ती वही घेऊन घरी आली. मी तिथेच होतो. संध्याकाळभर ती शब्द शोधत होती. वाईट वासाचे तिच्याकडे ढीगभर शब्द होते, चांगल्याचा एकही नव्हता.

"अहो, तुम्ही एवढं वाचलंत जन्मभर. छान वासाला काय म्हणतात?"

"मला काय विचारतेस?" आतोबा म्हणाले. "सतराच्या रकान्यात काय असायला हवं होतं म्हणालीस?"

"पळाले."

"मग?"

आत्याने वही मांडीवर घेतली आणि एकेचाळीसच्या रकान्यात, जिथे पूर्वी प्रश्नचिन्ह होतं ते खोडून, नीट अक्षरात लिहिलं: थांबले.

आतोबांनी वाकून बघितलं. अनुस्वार तपासला आणि वही मिटली.